संशोधनातून मेडिकल रायटिंगकडे : सोलापुरातल्या पीएचडीवाल्यांसाठी धागा

जुळेसोलापूरकर

पीएचडी संपत आलेली किंवा नुकतीच संपलेली आपल्याकडची मुलं मला वरचेवर विचारतात, "ताई, मेडिकल रायटिंग म्हणजे नक्की काय असतंय? आम्हाला जमेल का?" एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथं एकदा नीट मांडते. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केली, नंतर एका प्रकल्पावर रिसर्च असोसिएट होते, आता रेग्युलेटरी मेडिकल रायटर आहे. राहते सोलापुरातच, काम घरून.

२००४ मध्ये आपल्या एका जिल्ह्यापुरतं वेगळं विद्यापीठ झालं. त्याआधी सगळा कारभार कोल्हापूरला होता. आता घर न सोडता पीएचडी करता येते, ही फार मोठी सोय झाली. पण पदवी हातात आल्यावर काय, हे सांगणारं माणूस जवळपास नसतं. संशोधनाची जेआरएफ शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० आणि तिच्या पुढची एसआरएफ ४२,००० झाली खरी, पण ती मिळते मोजक्यांना आणि पाच वर्षांत संपते. मग भरतीची वाट बघत सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणं. तासावर पगार, सुट्टीत काहीच नाही, बिल कधी निघेल ते सांगता येत नाही. चांगली, हुशार पोरं या चक्रात तिशी ओलांडतात आणि "आपण कशाच्याच लायक नाही" असं बोलायला लागतात. ते ऐकवत नाही, म्हणून हा धागा.

आता कामाबद्दल. औषधाची चाचणी झाली की तिचा अहवाल औषध नियंत्रकांकडे जातो. हा क्लिनिकल स्टडी रिपोर्ट. त्यात काय, कुठं, कोणत्या क्रमानं यावं हे आयसीएच (औषधांचे नियम देशोदेशी एकसारखे करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या ई३ या मार्गदर्शिकेत ठरलेलं आहे, १९९५ पासून. मूळ मजकूर शेदोनशे पानांच्या पुढं जातो, परिशिष्टं धरली तर हजारो पानं. चाचणीच्या आधी प्रोटोकॉल (चाचणीचा आराखडा), इन्व्हेस्टिगेटर्स ब्रोशर (चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांसाठी औषधाची माहिती), रुग्णाचं संमतीपत्र. नंतर सगळ्या चाचण्यांचा मिळून सारांश. हे सगळं कुणीतरी बसून लिहितं. तेच आमचं काम. याशिवाय जर्नलचे शोधनिबंध आणि पोस्टर लिहिणारे वेगळे, डॉक्टरांसाठी स्लाइड आणि माहितीपत्रकं करणारे वेगळे, औषधांच्या दुष्परिणामांचे ठरावीक मुदतीनं द्यायचे अहवाल लिहिणारे वेगळे. वैद्यकीय उपकरणांचंही मोठं क्षेत्र आहे. युरोपचा नवा नियम, २०१७/७४५, मे २०२१ पासून लागू झाला आणि स्टेंटपासून पट्टीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा क्लिनिकल इव्हॅल्युएशन रिपोर्ट (उपकरण रुग्णांवर कसं चालतं याचा पुराव्यांसह आढावा) अधिक काटेकोर लागायला लागला. बायोमटेरियल्सवर पीएचडी केलेल्यांनी याकडं जरूर बघावं.

संशोधनातून आपण काय घेऊन येतो? शोधनिबंध उकलून वाचण्याची सवय, आकडेवारीची भीती नसणं, परीक्षकांच्या शेऱ्यांना शांतपणे उत्तर देणं. हे बाहेर फार दुर्मिळ आहे, त्याची किंमत ओळखा.

काय घेऊन येत नाही, ते जास्त महत्त्वाचं. प्रबंधात आपण चाळीस पानं पार्श्वभूमी लिहितो, कारण मला किती माहीत आहे ते दाखवायचं असतं. इथं वाचणारा एखादा निर्णय घ्यायला बसलेला असतो : हे औषध मंजूर करायचं का, हा डोस द्यायचा का, या चाचणीत मी भाग घेऊ का. त्याला निर्णयासाठी जे लागतं ते आधी, स्पष्ट आणि पडताळता येईल असं द्यायचं. माझ्या मते या पेशाचं सगळं सार एवढ्यात आहे. इंग्रजी मीडियम, मराठी मीडियम वगैरे गोष्टी त्यापुढं किरकोळ आहेत. मी स्वतः मराठी माध्यमातली आहे.

विचारा मोकळेपणानं. जे माहीत आहे ते सांगते.

कुमठानाका

ताई, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न केमिस्ट्रीवाल्यांचा. माझी पीएचडी ऑरगॅनिक सिंथेसिसमध्ये आहे, माणसावरच्या चाचणीशी आमचा कधी संबंधच नाही आला. आम्ही रिॲक्शन लावायची, कॉलम मारायचा, एनएमआर काढायचं. चिंचोळी एमआयडीसीत एपीआय (औषधाचा मूळ घटक) बनवणाऱ्या कंपनीत जावं तर शिफ्ट ड्युटी. हे लिखाणाचं आम्हाला कोण देतंय?

जुळेसोलापूरकर

@कुमठानाका, तुम्हाला सगळ्यात सरळ रस्ता आहे आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. औषधाच्या अर्जाचे पाच भाग असतात. त्यातला तिसरा भाग पूर्ण गुणवत्तेचा : मॉलिक्यूल कसा बनवला, कोणत्या पायरीला कोणती अशुद्धी येते, ती किती चालते, औषध किती महिने टिकतं. हे लिहिणाऱ्याला सीएमसी (केमिस्ट्री, मॅन्युफॅक्चरिंग, कंट्रोल्स) रायटर म्हणतात. अशुद्धींसाठी आयसीएच क्यू३ए, टिकाऊपणासाठी क्यू१ वाचून काढा. नायट्रोसमीन या घातक अशुद्धीचा विषय २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधावरून पेटला, तेव्हापासून "ही अशुद्धी कुठून आली" हे रिॲक्शनच्या पायऱ्यांवरून सांगता येणाऱ्या माणसाला मान आहे. तुम्ही जे रोज कॉलमवर वेगळं करता, त्याचंच हे लिखाण.

आणि एपीआय कंपनीच्या शिफ्ट ड्युटीला नाही म्हणू नका. तिथल्या रेग्युलेटरी विभागात ड्रग मास्टर फाइल (घटक कसा बनतो याची नियंत्रकांना द्यायची फाइल) तयार होते. वर्ष-दोन वर्षं ते काम केलेला माणूस पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांना हवा असतो.

सम्राटचौक

मी निवृत्त प्राध्यापक. धागा चांगला आहे, पण मनात आलेलं बोलतो. आमच्या हाताखाली तयार झालेली मुलं कंपन्यांचे अहवाल लिहायला गेली तर इथल्या ज्वारीच्या, डाळिंबाच्या, पाण्याच्या, विडी कामगारांच्या आजारांच्या प्रश्नांवर काम कोण करणार? आणि दुसरं. शोधनिबंधावर ज्याचं नाव, त्याचं ते काम. दुसऱ्याच्या नावानं लिहून देणं याला आमच्या काळी चांगला शब्द नव्हता.

जुळेसोलापूरकर

सर, नमस्कार. पहिला प्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. विडी वळणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांवर, यंत्रमागाच्या कापूस-धुळीवर इथंच राहून काम करणारे लोक हवेत, आणि ज्याला ती जागा मिळत असेल त्यानं ती सोडू नये असंच मी सांगते. पण सर, जागा निघाल्या तर ना. मी हे लिहिते ते दार बंद झालेल्यांसाठी.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला ठामपणे बोलायचंय. चोरून लिहून देणं आणि मेडिकल रायटिंग या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामधली रेघ लेखी आहे. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, लेखकत्वासाठी चार अटी घालते : कामाच्या संकल्पनेत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची वैचारिक दुरुस्ती करणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेणं. चारही हव्यात. रायटर बहुधा त्यात बसत नाही, म्हणून त्याचं नाव आभारात येतं, आणि त्याचे पैसे कुणी दिले तेही छापलं जातं. गुड पब्लिकेशन प्रॅक्टिस या कंपन्यांच्या शोधनिबंधांसाठीच्या मार्गदर्शिकेची २०२२ ची आवृत्ती हेच सांगते. नाव लपवलं तर ते गैर, आणि तसं काम आलं तर नाही म्हणायचं.

अहवालाच्या बाबतीत तर तो लेख नसतोच, तो कंपनीनं नियंत्रकाला दिलेला जबाब असतो. वर्षानुवर्षं केलेल्या कामावर आपलं नाव दिसत नाही, ही गोष्ट काहींना जड जाते, हे खरं आहे. आत शिरण्याआधी स्वतःला विचारून घ्यावं.

सम्राटचौक

आभारात नाव आणि पैशाचा स्रोत छापतात, हे मला ठाऊक नव्हतं. मग आक्षेप मागे घेतो. पहिल्या मुद्द्यावर आपलं दुःख एकच आहे.

बाळीवेस

सरांच्या मुद्द्यावरून आठवलं म्हणून सगळ्यांना सावध करते. मेडिकल रायटर हवेत अशी जाहिरात बघून मी एका ठिकाणी मुलाखत दिली होती. नाव लिहीत नाही. आत गेल्यावर कळलं की तिथं लोकांचे प्रबंध आणि पेपर लिहून द्यायचे, शब्दावर पैसे, आणि कोणत्या जर्नलला कधी छापून येणार तेही आधीच ठरलेलं. डेटा कुठून येतो विचारलं तर "तो आम्ही देतो" म्हणाले. मी उठून आले. पैशाची गरज असताना उठून येणं सोपं नव्हतं. पोरींनो, पोरांनो, ओळखायची खूण सांगते : काम कुणासाठी आहे हे सांगत नाहीत, आणि आभारात तुमचं नाव येणार का म्हटलं की विषय बदलतात.

कडकभाकरी

+१. असल्या ठिकाणचा अनुभव नंतर सीव्हीवर लिहिला तरी चांगल्या कंपनीत उलटाच परिणाम होतो.

पार्कचौक_ओपीडी

मी डॉक्टर, काही चाचण्यांत संशोधक म्हणून काम केलंय. या धाग्यात एक बाजू राहतेय ती मांडतो : संमतीपत्र.

२०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे रुग्णाला समजेल अशा भाषेतच संमती घ्यावी लागते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो. चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते, हे २००९ पासून बंधनकारक आहे. कागदावर सगळं नीट. पण आपल्या सोलापुरात एका सकाळच्या ओपीडीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांचे पेशंट बसलेले असतात आणि हातात येतं ते पंधरा-वीस पानांचं, इंग्रजीवरून ओढून आणलेलं मराठी. मी शिकलेला माणूस, मला ते दोनदा वाचावं लागतं. पूर्व भागातल्या मागावर काम करणाऱ्या पेशंटनं काय करायचं?

एकदा एक चांगला मसुदा हाती आला होता. "प्रत्येक भेटीत १० मिली रक्त घेऊ, म्हणजे चहाचे साधारण दोन चमचे." पुढच्या ओळीत : "तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. नाही म्हणालात तरी इथले तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील." पेशंटची बायको शेजारी बसली होती. तिनं दुसरी ओळ स्वतःच मोठ्यानं परत वाचली आणि मग तिनं प्रश्न विचारले, चांगले सात-आठ. घरून हॉस्पिटलला यायचा खर्च कोण देणार, गोळीनं चक्कर आली तर रात्री फोन कुणाला करायचा. अशा वेळी संमती खरी असते. ज्यानं ते पान लिहिलं त्याला मी ओळखत नाही, पण त्याचं काम माझ्याइतकंच महत्त्वाचं होतं.

तेव्हा ज्यांना विज्ञान कळतं आणि घरात कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते अशी सोलापूरची मुलं या कामाला सोन्यासारखी आहेत. हे आपलं बळ आहे, पुण्या-मुंबईकडं ते इतकं नाही.

जुळेसोलापूरकर

डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. यात एकच भर घालते. युरोपमध्ये चाचणीचा निकाल सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत जाहीर करणं कायद्यानंच बंधनकारक आहे (नियम ५३६/२०१४, जानेवारी २०२२ पासून लागू). सोपं लिहिणं हे आता वेगळं कौशल्य मानलं जातं. ज्यांना वाटतं की अवघड इंग्रजी आलं की झालं, त्यांनी डॉक्टरांची ती दोन चमच्यांची ओळ समोर ठेवावी.

मालदांडी

आमच्यासारख्यांचं काय? माझं संशोधन डाळिंबावरच्या तेल्या रोगावर. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रामुळं आपल्याकडं या विषयावर काम करणारे बरेच आहोत. वनस्पती रोगशास्त्राला मेडिकलवाले उभं करतील?

जुळेसोलापूरकर

@मालदांडी, खरं सांगायचं तर क्लिनिकल अहवालांच्या कामात तुम्हाला पहिला उंबरठा उंच पडेल. त्यापेक्षा शेजारचं दार बघा. कीटकनाशकं-बुरशीनाशकं यांनाही नोंदणी लागते. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालची नोंदणी समिती. त्या अर्जात जैविक परिणामकारकता, विषारीपणा, अवशेष यांचे अहवाल लागतात. तुमच्या प्लॉटवरच्या चाचण्यांचा अनुभव तिथं थेट उपयोगी. दुसरं दार जर्नलच्या भाषा-संपादनाचं. त्यात जीवशास्त्राचा कोणताही माणूस चालतो आणि तिथून पुढं वैद्यकीय लेखनात गेलेले बरेच लोक मला माहीत आहेत. पैसे सुरुवातीला कमी, पण दुसऱ्याचं लिखाण दुरुस्त करताना हात फार पटकन तयार होतो.

अशोकचौक

नमस्कार मॅडम. माझ्या मुलीची बायोटेक पीएचडी पुढच्या वर्षी होईल. आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, यातलं आम्हाला काही कळत नाही. एका संस्थेनं फोन करून सांगितलं, कोर्सचे पैसे भरा, नोकरीची हमी. घरून काम म्हणजे खरंच पगार येतो का? आणि किती येतो?

जुळेसोलापूरकर

काका, पगार खरंच येतो आणि दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो. आकडा मी लिहीत नाही, कारण शहर, कंपनी आणि कामाचा प्रकार यावर तो फार बदलतो, आणि इथं वाचलेला आकडा धरून मुलगी मुलाखतीत अडकायला नको. त्याऐवजी तिनं काय विचारायचं ते सांगते : सीटीसीतले (कंपनी कागदावर दाखवते त्या वार्षिक पगारातले) किती हातात येणार, बाँड आहे का, नोटीस पिरियड किती (तीन महिनेही असतो), पहिल्या वर्षी शिकवणार कोण, आणि अमेरिकेच्या टीमबरोबर रात्री किती वेळ बसायचं.

हमीवाल्या कोर्सला पैसे भरू नका. शिकायला जे लागतं ते जवळजवळ सगळं फुकट आहे. आणि कुणीही मूळ मार्कशीट-डिग्री ठेवून घेतो म्हणाला तर द्यायची नाही, काहीही झालं तरी.

सोलापुरातून काम करायचं तर चांगला इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घ्या. सबमिशनच्या दिवशी लाइट गेली हे कारण ऐकून घ्यायला कुणी नसतं. सुरुवातीचं वर्ष पुणे, हैदराबाद किंवा बंगळूरच्या ऑफिसात काढता आलं तर फार चांगलं. शेजारी बसून जे शिकता येतं ते व्हिडिओ कॉलवर येत नाही. पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहेच.

अशोकचौक

पैसे भरणार होतो याच आठवड्यात. थांबलो. धन्यवाद मॅडम.

कडकभाकरी

काका, बरं झालं. आता माझं थोडं वेगळं. मी हे काम केलं आणि परत शिकवायला आले, सध्या सीएचबीवरच आहे. सगळ्यांना हे काम आवडतंच असं नाही, हे पण या धाग्यात असू दे. माझ्या मसुद्यावर एकाच वेळी संख्याशास्त्रज्ञ, डॉक्टर, सेफ्टीवाले आणि रेग्युलेटरीवाले अशा चौघांचे शेरे यायचे, आणि दोघांचे शेरे एकमेकांच्या उलट. ते मिटवण्यात दिवस जायचा. पैसे चांगले होते, माणसं चांगली होती. पण मला स्वतःचा प्रश्न विचारायची सवय. "हे असं का होतंय?" असं वाटलं तरी ते शोधायचं काम माझं नव्हतं. त्याची मला रोज चुटपुट लागायची. वर्गात उभी राहिले की ती जाते.

जुळेसोलापूरकर

@कडकभाकरी, हे तुम्ही लिहिलंत ते माझ्या मूळ लेखात यायला हवं होतं. ज्याला उत्तर शोधण्यात आनंद आहे त्यानं दहादा विचार करावा. ज्याला गुंता सोडवून दुसऱ्याला समजावून सांगण्यात आनंद आहे त्याला हे काम मानवतं. आणि शेरे मिटवणं हा कामाचा खरंच अर्धा भाग आहे. रायटरनं बैठक बोलवायची, दोन उलट शेरे सगळ्यांसमोर ठेवायचे आणि निर्णय वदवून घ्यायचा. लाजऱ्या माणसाला ते शिकावं लागतं.

हुतात्मा_एक्सप्रेस

ताई, मी पुण्याला एका कंपनीत टेस्ट देऊन आलो, निवड नाही झाली. कारण पण सांगितलं नाही. एक तक्ता दिला होता, त्यावरून निकालाचा एक परिच्छेद इंग्रजीत लिहायचा. व्याकरण तर बरोबर होतं. काय बघतात नेमकं?

जुळेसोलापूरकर

व्याकरण शेवटी बघतात. आपण इथंच सराव करू. खालचे आकडे सरावासाठी मनानं घेतलेत, खऱ्या चाचणीचे नाहीत.

औषध गट २०० जण, प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) गट २०० जण. एक वर्षात हृदयविकाराचा झटका : औषध गटात ८, प्लासिबोत १६. रिस्क रेशो (औषध गटातलं प्रमाण भागिले प्लासिबोतलं) ०.५०, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा रेशो ज्यात असावा असा पल्ला) ०.२२ ते १.१४. गंभीर दुष्परिणाम : औषध गटात १०, प्लासिबोत ६. चाचणी पूर्ण केलेले : १८८ आणि १९५. झटक्याचं विश्लेषण सगळ्या ४०० जणांवर, असं तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेलं आहे.

तीन-चार वाक्यांत निकाल लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, विचार कसा करताय ते कळलं पाहिजे.

हुतात्मा_एक्सप्रेस

हे घ्या :

"नव्या औषधामुळे हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण लक्षणीयरीत्या, ५० टक्क्यांनी कमी झालं. चाचणी पूर्ण केलेल्या रुग्णांपैकी औषध गटात ४.३ टक्के तर प्लासिबोत ८.२ टक्के रुग्णांना झटका आला. औषध सुरक्षित असून सर्वांना चांगलं सोसलं."

जुळेसोलापूरकर

धाडसानं सगळ्यांसमोर टाकलंत, याचं कौतुक. आता एकेक वाक्य बघू, कारण तुम्ही जे लिहिलंत तेच पीएचडी झालेली दहातली आठ-नऊ मुलं लिहितात.

पहिलं वाक्य. इंटरव्हल ०.२२ पासून १.१४ पर्यंत आहे, म्हणजे १ (दोन्ही गटांत प्रमाण सारखंच) त्याच्या आत आला. औषधानं झटके कमी होत असतील, किंवा काहीच फरक पडत नसेल, किंवा थोडे वाढतही असतील. या आकड्यांवरून यातलं काहीच बाद करता येत नाही. तिथं "लक्षणीयरीत्या कमी झालं" हे विधान उभंच राहत नाही. आणि नुसते ५० टक्के सांगितले की वाचणाऱ्याला फार मोठं काही वाटतं. मूळ प्रमाण ८ वरून ४ टक्के, फरक ४ टक्क्यांचा. दोन्ही सांगा, आणि गटातले मूळ आकडे आधी.

दुसरं वाक्य. ८ भागिले १८८ तुम्ही केलंत, गणित बरोबर आहे. पण तक्ता ४०० जणांवर आहे असं डोक्यावर लिहिलेलं आहे. छेद बदलला की चाचणीच बदलते. जे सोडून गेले ते का गेले हे माहीत नसताना त्यांना वगळणं धोक्याचं. टेस्टमध्ये हे मुद्दाम पेरलेलं असतं.

तिसरं वाक्य सगळ्यात गंभीर. औषध गटात गंभीर दुष्परिणाम १०. प्लासिबोत ६. ते समोर असताना "सुरक्षित" लिहिलं तर मुलाखत तिथंच संपते. सुरक्षित आहे की नाही हे आपण म्हणायचंच नाही, किती जणांना काय झालं ते लिहायचं. औषध गटातले १२ जण मध्येच गेले, प्लासिबोतले ५. तेही यायला हवं.

तुमचा प्रबंध तुम्ही आपली कल्पना पटवून देण्यासाठी लिहिला, म्हणून हात आपोआप बाजू घेतो. तो हात सोडवायला महिनाभर रोज एक तक्ता घ्या. खरे तक्ते हवे असतील तर युरोपीय औषध संस्थेच्या संकेतस्थळावर २०१६ पासून खरे अहवाल प्रसिद्ध होतात, नाव नोंदवलं की वाचता येतात. गोपनीय भाग काळे केलेले असतात, बाकी सगळं असतं. शोधनिबंधांसाठी कन्सॉर्ट (चाचण्यांच्या पेपरसाठी) आणि प्रिझ्मा (अनेक अभ्यासांच्या एकत्र आढाव्यासाठी) या काय-काय लिहावं याच्या याद्या वाचा आणि एखादा छापील पेपर घेऊन त्यांच्याशी ताडून बघा. असे तीन-चार नमुने तयार ठेवा. ओळखीच्या कंपनीचा गोपनीय मजकूर नमुना म्हणून कधीही देऊ नका.

कुमठानाका

हे तर चाटजीपीटी पण लिहून देतंय की ताई. मग आपलं काय राहणार?

जुळेसोलापूरकर

लिहून देतं, आणि बरंच चांगलं देतं. एकेका रुग्णाची हकिगत आकड्यांवरून तयार करण्याचं काम, ज्यावर पूर्वी नवखी मुलं शिकायची, ते बऱ्याच ठिकाणी आता सॉफ्टवेअर करायला लागलंय. शिकाऊ जागांवर याचा ताण येतोय, हे मी लपवणार नाही. पण वरचा तक्ता घ्या. यंत्रानं "सुरक्षित" लिहिलं तर सही करणाऱ्या माणसाला ते पकडता आलं पाहिजे, आणि ते पकडायला तक्ता वाचता यावा लागतो. आयसीएमजेईनंही स्पष्ट सांगितलंय की असं साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. आणि वापरलं तर सांगावं लागतं. कंपनीचा डेटा उघड्या चॅटबॉटमध्ये टाकणं म्हणजे नोकरी जाणं, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

पार्कचौक_ओपीडी

@हुतात्मा_एक्सप्रेस, तुमचं तिसरं वाक्य औषध कंपनीच्या पत्रकात मी रोज वाचतो. तेव्हा निराश होऊ नका, सुधारून टाका. मी पण वाचणार आहे.

हुतात्मा_एक्सप्रेस

परत लिहिलं :

"सर्व ४०० रुग्णांच्या विश्लेषणात एका वर्षात हृदयविकाराचा झटका औषध गटात २०० पैकी ८ (४ टक्के) व प्लासिबो गटात २०० पैकी १६ (८ टक्के) रुग्णांना आला, रिस्क रेशो ०.५०, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.२२ ते १.१४. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. औषध गटातील १२ व प्लासिबो गटातील ५ रुग्णांनी चाचणी पूर्ण केली नाही. गंभीर दुष्परिणाम औषध गटात १० (५ टक्के) व प्लासिबो गटात ६ (३ टक्के) होते."

जुळेसोलापूरकर

आता हे वाचून डॉक्टरांना निर्णय घेता येईल. छान जमलंय. एकच बघा : शेवटच्या वाक्यात १० हे रुग्ण आहेत की प्रसंग? एकाच रुग्णाला दोन गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. मी दिलेल्या तक्त्यात ते मुद्दामच लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी आपण अंदाजानं टक्के काढायचे नाहीत, संख्याशास्त्रज्ञाला विचारायचं. टेस्टमध्ये विचारायला कुणी नसतं, तेव्हा बाजूला कॉमेंट टाकून ठेवा : "रुग्ण की प्रसंग, कृपया खात्री करावी." तपासणारा ती कॉमेंट आधी वाचतो.

पुढचा तक्ता रविवारी टाकते. @कुमठानाका, तुमच्यासाठी अशुद्धींचा वेगळा टाकेन. काका, मुलीला पण या धाग्यावर यायला सांगा.